थोरल्या साडूंचा आकडा

आमच्या शहरात असा एकही जिना नसेल, ज्याच्या पायथ्याशी उभं राहून आमच्या थोरल्या साडूंनी मान वर करून टेलिफोनची तार न्याहाळलेली नाही. माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की चपला काढतात, ख्यालीखुशाली विचारतात, भिंतीवरच्या फोटोकडं बघून ‘हे कोण?’ म्हणतात. थोरले साडू चपला काढण्याआधी खांब शोधतात. खांबावरून काळी तार कुठून सुटली, गच्चीच्या कठड्याला कुठं अडकली, खिडकीच्या कोणत्या कोपऱ्यातून आत शिरली, एवढं सगळं नजरेखालून घातल्यावरच या घरात माणसंही राहतात हे त्यांच्या लक्षात येतं. मग ते आत येतात, सोफ्याच्या अगदी कडेला टेकतात आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन यजमानाला विचारतात, “तुमची लाइन किती लांब आहे?” या प्रश्नाला काय उत्तर द्यावं हे कुणालाच कळत नाही. आमच्या एका शेजाऱ्यांनी तर संकोचत त्यांच्यापुढं उजवा तळहात पसरला होता.

थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. साडू हे नातं मोठं अवघडलेलं. त्यात रक्त नाही, मैत्रीची सक्ती नाही. एकाच सासूच्या दोन जावयांनी लग्नकार्यात शेजारी बसून एकमेकांना जिलेबीचा आग्रह करायचा, इतकाच त्याचा पसारा. पण थोरल्या साडूंनी माझ्यापुरता तो बराच वाढवला. त्यांचे वडील पाचोडच्या आसपास मेंढरं घेऊन फिरायचे. हे शिकले, शहरात आले, हर्सूलला घर बांधलं आणि जनावरांच्या औषधांचा धंदा सुरू केला. जंताची औषधं, गोचिडाची औषधं, दूध वाढवणारी पावडर असं सगळं दोन पिशव्यांत भरून मोटरसायकलला बांधायचं आणि पाचोडपासून फर्दापूरपर्यंतचे बाजार करायचे. माणूस उंच, सडपातळ, मिशी जाड आणि नजर कायम आभाळाकडं. अनोळखी माणसाला वाटतं, देवभोळा आहे. ओळखीचे लोक मात्र त्यांच्यासोबत चालताना त्यांचं कोपर धरून ठेवतात, कारण आमच्या रस्त्यांना खड्डे आहेत आणि थोरल्या साडूंना ते कधीच दिसत नाहीत.

हे वेड त्यांना उपजत नव्हतं. घरी इंटरनेट घेतलं तेव्हा जाहिरातीत वेग लिहिला होता, ‘आठ एमबीपर्यंत’. त्यांच्या घरी एकसुद्धा येईना. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये विचारायला गेले तेव्हा खिडकीमागच्या माणसानं, तुमचं घर लांब आहे, असं सांगितलं. किती लांब, असं यांनी विचारलं. त्यावर त्यानं हात हवेत फिरवून ‘लांब’ असं पुन्हा म्हटलं. मेंढपाळाच्या मुलाला कुणी अंतराबद्दल असं मोघम बोललेलं चालत नाही. त्या दिवशी ते बाहेर आले, मोटरसायकल काढली आणि एक्स्चेंजच्या भिंतीपासून घरापर्यंत खांबाखांबानं, बैलगाडीच्या वेगानं आले. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांच्या शिव्या खात आले. घरी पोचल्यावर आक्कांना त्यांनी एवढंच सांगितलं, की ‘पर्यंत’ या शब्दात शून्यसुद्धा बसतं. पुढं त्यांनी वाचून, विचारून, चार टेलिफोनवाल्यांना चहा पाजून सगळं शास्त्र गोळा केलं. तांब्याच्या तारेतून येणारं नेट वाटेत झिजतं. तार जितकी लांब आणि बारीक, तितकी झीज जास्त. आणि वाटेतले सांधे जितके जुने, ओले, गंजके, तितकी खरखर जास्त. झीज आणि खरखर कळली की घरात किती नेट येईल ते आधीच सांगता येतं. मला समजावताना ते म्हणाले होते, “वाडग्यातून निघालेली सगळी मेंढरं कुरणात पोचत नाहीत, साडूभाऊ. वाट लांब असली की काही बसतात, काही चुकतात, एखादं लंगडत येतं. तुमच्या घरी येतंय ते लंगडं.”

मग ते घरोघर आकडा सांगू लागले. कुणी बोलावलेलं नसायचं, हे वेगळं सांगायला नको. आधी मोटरसायकलनं अंतर मोजायचं, तेही तारेच्या वाटेनं. कारण दोन घरांपलीकडं एक्स्चेंज दिसत असलं तरी तार कधीकधी आख्ख्या मोहल्ल्याला प्रदक्षिणा घालून येते. त्यात दोन खांबांमधल्या झोळाचे चार हात मिळवायचे. मग घरातला फोन उचलून कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. छातीला नळी लावलेल्या डॉक्टरसारखा त्यांचा चेहरा होतो. घरातली माणसं आपोआप गप्प होतात, पंखासुद्धा बंद करतात. थोड्या वेळानं डोळे उघडून ते आकडा सांगतात. तो एकच असतो. अमुक ते तमुक असलं बोलणं त्यांना भेकडपणाचं वाटतं. आकडा बरोबर निघाला की ते पुढच्या घरी जातात आणि चुकला की चूक तारेची असते. उस्मानपुऱ्यात एका वकिलांच्या घरी त्यांनी चार सांगितले आणि सात आले, तेव्हा वकील खूश झाले आणि हे आठवडाभर बेचैन होते. त्यांच्या मते ती लाइन लबाड होती.

गल्लीत खांबाकडं बघत उभा असलेला माणूस दिसला की आमच्या शहरातल्या बायका समजतात, हा महापालिकेचा पाणीवाला. त्या लगेच जमा होतात आणि किती दिवसांत नळ आला नाही ते सांगू लागतात. थोरले साडू कुणाला तोडून बोलत नाहीत. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी सांगतात, की पाण्याचं माहीत नाही, पण या गल्लीत खांबावरच्या डब्याला झाकण नसल्यानं पावसाळ्यात नेटचा त्रास होईल. एकदा गुलमंडीच्या मागं एका म्हाताऱ्या चाचींनी त्यांना त्यावर ऐकवलं होतं, “बेटा, पहले नल में पानी ला, फिर तार में ला.” हा किस्सा ते स्वतःच सांगतात आणि त्यात चाचींचं काही चुकलं असं त्यांना अजिबात वाटत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग दुःखाच्या घरी यायचा. सिडकोत आमच्या नात्यातले एक वयस्कर गृहस्थ वारले, म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. सतरंजी अंथरलेली, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, उदबत्तीचा धूर आणि कुणीच काही बोलत नाही. थोरले साडू भिंतीला टेकून बसले होते आणि दुर्दैवानं फोन त्यांच्या उजव्या हाताशी होता. मी डोळ्यांनी नको नको म्हणत असतानाच त्यांनी तो उचलला. घरच्यांना वाटलं, गावाकडं कुणाला तरी कळवायचं राहिलंय, म्हणून सगळे आणखी गप्प झाले. यांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. मग हळूच फोन ठेवला आणि खोल उसासा सोडून म्हणाले, “लई लांबून येतंय. वाटेत झिजत झिजत येतंय.” सतरंजीवर एक हुंदका फुटला. गेलेल्या गृहस्थांचे धाकटे बंधू डोळे पुसत म्हणाले, “व्हय. शेवटी शेवटी त्यांचा आवाज असाच झाला होता.” त्या घरात थोरल्या साडूंना आजही फार मान आहे. ते आध्यात्मिक गृहस्थ आहेत, असा तिथं समज आहे आणि तो दूर करायची हिंमत माझ्यात नाही.

आमचा फ्लॅटही त्यांनीच निवडला. म्हणजे आम्ही जे जे पसंत केलं ते ते त्यांनी नापास केलं. बीड बायपासला एक सुंदर फ्लॅट होता. मोठी गच्ची, मोकळी हवा, समोर डोंगर. थोरल्या साडूंनी एकदाच मान वर करून पाहिलं आणि बिल्डरच्या देखत म्हणाले, की इथं हवा येईल, उजेड येईल, पाहुणे येतील, नेट येणार नाही. शेवटी आम्ही जिथं राहतो तिथून एक्स्चेंजची मागची भिंत हात लांबवला तर लागेल. लाइट गेली की त्यांचा जनरेटर आमच्या बेडरूममध्येच चालू आहे असं वाटतं. सूर्य आमच्याकडं दुपारी थोडा वेळ, नाइलाज म्हणून येतो. पण झीज जवळपास नाही. थोरले साडू महिन्यातून एकदा येतात, मॉडेमचं पान उघडून त्यातले आकडे वाचतात आणि बाळसेदार भाच्याकडं बघावं तसं त्या डबीकडं बघत ‘तब्येत झकास’ म्हणतात. या झकास तब्येतीवर माझी बायको मेथीच्या वड्यांची कृती बघते आणि मी बातम्या वाचतो. याहून जास्त आम्हाला त्या वेगाचं काही करता आलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. आकड्याच्या बाबतीत हा माणूस कुणाच्या बापाला भीत नसे. फर्दापूरला त्यांच्या ओळखीच्या एकानं लेणी बघायला येणाऱ्यांसाठी इंटरनेटचं दुकान काढायचं ठरवलं होतं. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. त्याचे सासरे जागा द्यायला राजी होते, फक्त जाणत्या माणसानं ‘चालेल’ असं म्हणावं एवढीच त्यांची अट होती. थोरल्या साडूंनी लाइन ऐकली आणि सांगितलं, एकसुद्धा येणार नाही. ओळखीच्यानं त्यांना बाजूला घेऊन पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. सासऱ्यांपुढं नुसतं दोन म्हणा, म्हणाला. “मी दोन म्हणलो म्हणून तार ऐकणार हाय का?” असं विचारून यांनी मोटरसायकलला किक मारली. त्या दुकानात आता थंड पेयं मिळतात. पाटी तीच आहे, फक्त उलटी करून रंगवली आहे.

या पार्श्वभूमीवर कन्नडला जे घडलं ते सांगितलं पाहिजे.

आमच्या सासूबाई, थोरल्या साडूंच्या तोंडी मामी, कन्नडला राहतात, गावाच्या टोकाला, घाटाच्या बाजूला. सासरे गेल्यापासून एकट्याच. एकट्या हे आम्ही म्हणतो. त्या म्हणतात, म्हैस आहे, शेवगा आहे, बाजाराच्या दिवशी चार जणी येऊन टेकतात, आणखी किती माणसं पाहिजेत? काही वर्षांपूर्वी त्या मोरीत पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण उठता येईना, आणि दूध न्यायला येणारी शेजारीण येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. हे कळल्यावर दोघी बहिणींची झोप उडाली. आईला शहरात आणायचं, असं आमच्या घरी बसून ठरलं. सासूबाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि म्हशीला पाणी पाजायचंय असं सांगून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशीही म्हशीला तहान लागली. तिसऱ्या दिवशी आक्कांनी मधला मार्ग काढला. आईच्या घरी नेट घ्यायचं आणि रोज संध्याकाळी तिला डोळ्यांनी बघायचं. ती नीट हिंडताफिरताना दिसत असेल तर राहू दे तिथं. दिसणार नसेल तर म्हैस विकायची आणि आईला घेऊन यायचं, मग ती रडो की रुसो. सासूबाईंच्या घरामागं टेकडी असल्यानं मोबाइलला रेंज म्हणून नव्हती. जे काही येणार ते टेलिफोनच्या जुन्या तारेतूनच. तेव्हा निकाल कुणी द्यायचा हे उघडच होतं. आक्का नवऱ्याकडं वळून म्हणाल्या, तुमचा आकडा आम्ही मानू. चित्र हलायला निदान दोन लागतात, असं थोरल्या साडूंनीच आधी सांगून ठेवलं होतं.

रविवारी दोघी बहिणी जीपनं पुढं गेल्या आणि आम्ही दोघं मोटरसायकलवर. कन्नडच्या एक्स्चेंजपासून आम्ही तारेमागं निघालो. थोरल्या साडूंना मोजताना पुटपुटायची सवय आहे. मागं बसलेल्याला गणित ऐकू येत राहतं. बाजारपेठ ओलांडेपर्यंत ते मजेत होते. पुढं तार बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत शिरून पुन्हा बाहेर आली, तेव्हा त्यांनी जीभ चावली. मग ती उसाच्या एका शेताला लांबलचक वळसा घालून गेली, कारण नसताना. ओढ्याजवळ खांब नव्हताच. तार सरळ बाभळीला बांधली होती आणि तिच्यावर एक बगळा झोके घेत बसला होता. तिथून पुढं पुटपुटणं बंद झालं. घराच्या दारात गाडी लावली तेव्हा त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

आत सासूबाई धपाटे थापत होत्या. जावई आले म्हणून पदर सारखा केला, पाणी दिलं आणि पीठ लागलेल्या हातानं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. दोघी लेकी खाटेवर बसल्या होत्या. थोरल्या साडूंनी फोन उचलला, डोळे मिटले. खरखर एवढी होती, की चार हातांवर उभा असलेल्या मला ती ऐकू आली. तव्यावर ज्वारी भाजावी तशी. ते ऐकत राहिले. मग, नेहमीच्या उलट, सगळं ऐकून व्हायच्या आत त्यांनी डोळे उघडले, दाराकडं पाहिलं, पुन्हा फोनकडं पाहिलं.

“दोन,” ते म्हणाले. “सव्वादोन म्हणा.”

आक्कांनी सुस्कारा टाकला. तो समाधानाचा होता की निराशेचा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. माझ्या बायकोनं, मग म्हैस राहू द्या, असं म्हटलं.  सासूबाई आत गेल्या आणि त्या दिवशी थोरल्या साडूंच्या ताटात लोण्याचा जो गोळा पडला, तो पाहून मला पहिल्यांदा थोरल्या साडूपणाचा हेवा वाटला.

परतताना वेरूळच्या अलीकडं आम्ही चहाला थांबलो. मी त्यांचं अभिनंदन केलं. एवढ्या खरखरीतून दोन काढणं सोपं नव्हतं, असं काहीतरी म्हणालो. त्यांनी बशीत चहा ओतला आणि तो प्यायचा सोडून त्याच्याकडं बघत बसले.

“अर्धासुद्धा येणार नाय,” ते म्हणाले.

मला वाटलं, माझी ऐकण्यात चूक झाली. मग तिथं दोन का सांगितलं, असं मी विचारलं.  शेजारच्या बाकावरचा माणूस उठून गेल्यावर ते म्हणाले, “बाजारात जनावर विकायला आणलं की ते मालकाकडं कसं बघतं, ते मी रोज बघतो, साडूभाऊ. मामी तशा बघायल्या होत्या.” चहा त्यांनी तसाच ठेवला. पुढं शहर येईपर्यंत गाडी वळणं घेत, जपून चालली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना रस्त्यातले सगळे खड्डे दिसत होते.

खोटा आकडा सांगणं एक आणि तो निभावणं दुसरं. मॉडेम बसलं, त्यावरचा हिरवा दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला. आक्कांना सांगण्यात आलं, की नव्या लाइनला मुरायला वेळ लागतो. लोणच्याचं हे शास्त्र त्यांनी नवऱ्यावरच्या विश्वासानं मान्य केलं. तेव्हापासून थोरल्या साडूंना दर रविवारी कन्नड भागातून औषधांच्या मोठमोठ्या मागण्या येऊ लागल्या. मी एक-दोनदा बरोबर गेलो. मागण्या अशा, की पिशव्या जशा जात तशा परत येत. दिवसभर हा माणूस तिथल्या लाइनमनच्या मागं फिरे. लाइनमन बिचारा सज्जन होता, पण एका माणसाच्या दोन एमबीसाठी रविवार खर्च करावा असं त्याला का वाटावं? थोरल्या साडूंनी त्याच्या शेळ्यांना जंताचं औषध पाजलं, करडाचा मोडलेला पाय बांधून दिला, तेव्हा कुठं तो शिडी घेऊन बाहेर पडला. दोघांचं एकमत कधीच झालं नाही. लाइनमन म्हणे दोष ओढ्याजवळ, हे म्हणत दोष बाजारात. आणि सगळ्यात मोठा दोष निघाला पिठाच्या गिरणीत, जिथं बंद फोनची मेलेली तार अजून जिवंत तारेला जोडलेली होती आणि निम्मं नेट मुकाट गिळत बसली होती. ती तोडली. सांधे उकलून नव्यानं बांधले. बाभळीजवळ एका रविवारी खांब उभा राहिला आणि बगळा दुसरीकडं राहायला गेला. मॉडेमचा दिवा आता विझत नव्हता, पण चित्र हलण्याइतकं काही येत नव्हतं. अडलं होतं ते उसाच्या शेतापाशी.

त्या शेताचे मालक दोघे भाऊ. त्यांचं आपसात वाटणीवरून फाटलेलं. एकानं बांधावर खांब रोवू दिला की दुसरा तो आपल्या हद्दीत आहे म्हणून उपटायला येई. त्या भांडणापायी तार आख्ख्या शेताला वळसा घालून गेली होती. थोरल्या साडूंनी एकाच्या बैलाला औषध दिलं, म्हणून दुसरा जास्तच बिथरला. तीन रविवार असेच गेले. चौथ्या रविवारी आम्ही पोचलो तर सासूबाई घरी नव्हत्या. म्हैस दावणीला, दाराला कडी. शोधत शोधत शेताकडं गेलो तर कमरेला हात देत चालणारी ही बाई थोरल्या भावाच्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. सकाळपासून बसली होती. चहा नको, पाणी नको, दुसऱ्या भावाला इथं बोलाव, एवढंच म्हणत होती. दुपार कलली तेव्हा दुसरा भाऊ आला. दोघं किती वर्षांनी एका ओट्यावर आले होते, कोण जाणे. सासूबाईंनी त्यांच्या आईची आठवण काढली, तिच्या हातच्या भाकरीची काढली, आणि मग जे झाडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळपर्यंत बांधाच्या बरोबर मधोमध खांब रोवायची जागा ठरली. परतताना थोरल्या साडूंनी विचारलं, की मामी, तुम्हाला कुणी सांगितलं इथं अडलंय म्हणून? त्या म्हणाल्या, “दर रविवारी दोन पिशव्या भरलेल्या आणता अन् भरलेल्याच नेता. मला काय दिसत नाय व्हय?” आकड्याबद्दल त्यांनी तेव्हाही विचारलं नाही आणि पुढंही कधी विचारलं नाही.

तर एवढं सगळं होऊन लाइन कुठं पोचली? पावणेदोन. आक्कांनी विचारलंच, की तुम्ही सव्वादोन म्हणाला होता ना? थोरल्या साडूंनी जराही न चाचरता उत्तर दिलं, की हिवाळ्यात वाढेल. हिवाळे आले आणि गेले. पण चित्र हलत होतं, हे खरं. जरा अडखळत हलायचं. सासूबाईंचं तोंड उघडं राहायचं आणि आवाज पुढं निघून जायचा. दोन-चार दिवस त्या लेकींनी दिलेल्या टॅबसमोर बसल्या. मग त्यांना एवढ्या लोकांनी रोज आपल्याकडं टक लावून बघणं चमत्कारिक वाटू लागलं आणि त्यांनी तो टॅब खिडकीत नेऊन गोठ्याकडं तोंड करून ठेवला. मला काय बघायचं, तिला बघा, ती गाभण आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं पुढली काही वर्षं आमच्या दोन्ही घरांत रोज संध्याकाळी म्हशीचा पार्श्वभाग दिसत असे आणि त्यामागून सासूबाईंचा खणखणीत आवाज येई. त्या आवाजावरून त्या हिंडताफिरत्या आहेत हे कळायचं, तेव्हा आक्कांची अट पाळली गेली असं म्हणायला हरकत नाही. थोरले साडू तर खुर्ची ओढून पुढं बसत. शेपटी कशी उडते, रवंथ किती वेळ चालतो, हे बघून ते म्हशीला काय द्यायचं ते सांगत. ती व्याली तेव्हा आमच्या दिवाणखान्यात पेढे वाटले गेले.

मग काचेच्या तारा आल्या. शहरात आधी, कन्नडला नंतर. त्यांच्यातून नेट नाही, उजेड धावतो म्हणे, आणि तो उजेड कन्नडसारख्या गावात या टोकाचा त्या टोकाला पोचला तरी झिजत नाही. एक्स्चेंजच्या भिंतीला चिकटलेलं आमचं घर आणि हर्सूलच्या टोकाचं त्यांचं घर, दोन्हींकडं सारखंच येऊ लागलं. आमची सूर्याशिवायची इतकी वर्षं एका दिवसात वाया गेली. लोकांनी फोन काढून टाकले, त्यामुळं कानाला लावायलाही काही उरलं नाही. एका लग्नात थोरल्या साडूंनी सवयीनं कुणाला तरी लाइनबद्दल विचारलं. त्यानं सांगितलं, काका, आता सगळ्यांना शंभर येतं. ते ‘बरं झालं’ म्हणाले आणि खरोखर त्यांना बरंच वाटलं असावं. पण नंतर मंडपात बराच वेळ हात गुडघ्यांवर ठेवून, बिनकामाच्या माणसासारखे बसून राहिले. मी त्यांना जिलेबीचा आग्रह केला.

सासूबाई अजून कन्नडलाच आहेत. वाकल्यात, ऐकू कमी येतं, जीभ मात्र शाबूत आहे. त्यांच्याकडं आता इतकं स्वच्छ चित्र येतं, की आक्कांना इथून फळीवरची धूळ दिसते आणि त्या ती बोलून दाखवतात. तेव्हा सासूबाईंना हे नवीन नेट फारसं पसंत नाही. मध्यंतरी थोरल्या साडूंबरोबर मी पुन्हा तिकडं गेलो. ते अजूनही दर रविवारी जातात. पिशव्या नेत नाहीत, कारणही सांगत नाहीत. गावात शिरल्यापासून त्यांनी एकदाही मान वर केली नाही. घरी पोचल्यावर त्यांनी सगळीकडं फिरून पाहिलं. मोरीतली फरशी, दाराची कडी, गोठ्याचं पत्र्याचं छप्पर. सगळं जागच्या जागी होतं. मग ते आणि सासूबाई शेवग्याखाली खाटेवर बसले. कुणाला दुरुस्त करायचं काही नव्हतं, म्हणून बोलायलाही काही नव्हतं. दोघं दुपारभर म्हशीकडं बघत बसले.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. मोटरसायकल सुरू झाली तरी हँडलवरचा त्यांचा हात निघेना.

“जावईबापू, पुढच्या रविवारी येताय नव्हं?” त्यांनी विचारलं. “का काहीतरी मोडून ठेवू?”

थोरल्या साडूंनी गाडी बंद केली.

“नको मामी,” ते म्हणाले, “तसाच येतो.”